राखाडी मजकूर

छापखान्याचा टेम्पो दारात लागला आणि इकबालने पहिला गठ्ठा आणून माझ्या टेबलावर टाकला. सुतळी कापायलाही मी थांबले नाही. मधूनच एक अंक ओढून काढला आणि सवयीप्रमाणे उलटा उघडला, म्हणजे शेवटच्या पानापासून. शेवटचं पान चारुशीला आठल्येचं. 'परसदार' मासिकातलं तिचं 'हातासरशी' हे सदर मी दर महिन्याला सगळ्यांत आधी वाचत असे. आवडायचं म्हणून नव्हे. त्यात कुठे एखादं वाक्य लंगडं पडलंय का, ते बघायला. बहुतेक वेळा पडलेलं नसायचं, आणि मग माझा दिवस खराब जायचा.

त्या दिवशी पहिलंच वाक्य वाचलं आणि मी खुर्चीत बसले.

'माझ्या चुलतबहिणीला निळी छत्री आणली तेव्हा मला छत्रीचा हेवा वाटला नाही. ती उघडून ती ज्या तोऱ्याने चालायची, त्याचा वाटला.'

पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. शेवटपर्यंत एक शब्द बदललेला नव्हता. वर चारुशीलाचा फोटो, हनुवटीखाली हात घेतलेला. फोटोखाली तिचं नाव. आणि नावाखाली अख्खा लेख माझा.

"काय ओ मॅडम, काय चुकलं काय?" इकबालने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा सांग."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ती कळायची तर आमच्याकडची साच्यांची भानगड आधी सांगायला हवी.

'परसदार' सांगलीत निघायचं. संपादक गुळवणी सर. पानांची मांडणी करणारा इकबाल मुजावर, मिरजेचा. आणि मी, सुनंदा मगदूम, उपसंपादक. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांचं लिखाण धुऊन, वाळवून, घडी करून देणारी बाई. लेखक मंडळी मन मानेल तेवढं लिहून पाठवत. दोन पानं सांगितली तर सहा यायची, सहा सांगितली तर फोन यायचा की प्रतिभा आटली आहे. इकबाल पान लावायला बसला की ओरडायचा, "मॅडम, ह्यांचं पाक खाली सांडायलंय, कापा." मी कापायचे. मग लेखक मला बोलायचे की तुमच्या त्या पोराला लेख महत्त्वाचा की फोटो, आणि इकबाल म्हणायचा, ह्यांना सांगा मासिकाला भिंती असत्यात. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि मधे मी.

यावर उपाय मला सुचला होता. प्रत्येक सदराचं पान आधीच बांधून ठेवायचं. मथळ्याला एवढी जागा, फोटोला एवढी, मजकुराला एवढी. लेखकाने ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर तेच पान उघडायचं आणि आपला मजकूर त्यात भरायचा. जागा संपली की लेख संपला. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते कानात काडी घालत म्हणाले, "बघू."

मग चारुशीला आली. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून पुण्याहून सांगलीला. तिकडे कुठल्याशा मोठ्या साप्ताहिकात तिने काम केलं होतं. आल्या आल्या तिला सदर मिळालं, जे मी किती वर्षं मागत होते ते सांगून काही उपयोग नाही. आणि पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "सर, आपण साचे केले तर? प्रत्येक सदराचं पान आधीच बांधून ठेवायचं."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वा," ते म्हणाले. "याला म्हणतात दृष्टी. मगदूमबाई, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

तिचा हेवा वाटायला मला तेवढंच कारण होतं असं नाही. कारणं पैशाला पासरी होती. तिच्या सुती साड्या चुरगळायच्या नाहीत. ती कोणाचं नाव विसरायची नाही. इकबालच्या मुलीला गोवर आला होता तर ही त्याला रोज विचारायची, आणि जो इकबाल मला 'थांबा की जरा' म्हणायचा तो हिच्यासाठी दुपारच्या नमाजाहून आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करायचा. साचे करायला ती दोघं शेजारी शेजारी बसायची. ती सांगायची, तो रेघा ओढायचा. "अक्षर अजून थोडं मोठं करू या का, इकबालभाई? म्हातारी माणसं वाचतात आपल्याला." म्हातारी माणसं वाचतात हे मी त्याला अनेकदा सांगितलं होतं. पण मी ते 'या का' लावून सांगितलं नव्हतं.

साचे तयार झाले, आणि एक अडचण निघाली. रिकामं पान डोळ्यांना कळत नाही. मजकूर भरल्यावर ते कसं दिसेल ते बघायला त्यात काहीतरी नमुन्याचं भरावं लागतं. इकबालने सगळीकडे 'मजकूर येथे येईल मजकूर येथे येईल' असं भरून टाकलं. सर वैतागले. म्हणाले, हे मासिक आहे की भिंतीवरची सूचना? इंग्रजी भरून बघितलं तर वेलांट्या आणि मात्रा नाहीत, ओळी कशा बसतील ते समजेना.

"सुनंदा लिहील की," चारुशीला म्हणाली. "सुनंदा, कोणी वाचणार नाही गं. काहीही लिही. नुसतं भरायचं आहे."

भरायचं. उशीत कापूस भरतात तसं.

मी भरायला बसले. पाककृतीच्या पानात जी भाजी कधी शिजणार नाही अशी भाजी लिहिली. राशिभविष्यात सगळ्या राशींना सांगितलं की या महिन्यात तुम्हाला कोणीही विचारणार नाही. आणि शेवटी 'हातासरशी'चं पान उघडलं. वर तो फोटो, हनुवटीखाली हात. मी त्या फोटोकडे बघितलं आणि मला वाटलं, कोणी वाचणार नाहीये ना? मग घे.

मी छत्रीपासून सुरुवात केली. लहानपणापासून मला ज्याचा ज्याचा हेवा वाटला ते ते लिहिलं. चुलतबहिणीचा, वर्गातल्या डाव्या हाताने सुंदर चित्र काढणाऱ्या मुलीचा, जावेच्या फुगणाऱ्या भाकरीचा. हेवा वाटला की आधी घशात काय होतं, मग आपण किती गोड बोलायला लागतो, ते लिहिलं. देवळात जाऊन दुसरीचं नुकसान मागताना शब्द कसे सभ्य वापरतो, तेही लिहिलं. एका बैठकीत लिहिलं, आणि साच्यातली जागा संपली तिथेच लेखही संपला, जसा काही मापाने शिवला होता. असं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. कारण त्याआधी मी लिहायचे ते छापून येईल या आशेने.

इकबालने सगळ्या नमुन्याच्या मजकुराला राखाडी रंग दिला. नियम असा ठरला: राखाडी म्हणजे खोटं, काळं म्हणजे खरं. लेखकाने राखाडी मजकूर पुसायचा, आपला भरायचा आणि तो काळा करायचा. काळं पान दिसलं की इकबालने ते छापखान्याकडे सोडायचं. मधे मी नाही, लेखक आणि इकबाल यांचं भांडण नाही. साचे फारच छान चालले. सर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हे आमच्या चारुशीलाबाईंचं डोकं."

आणि साच्यांच्या पहिल्याच अंकात हे झालं.

चहा आला. इकबालने कप ठेवला, तेव्हा मी अंक त्याच्यापुढे सरकवला. "हे वाच."

त्याने दोन ओळी वाचल्या आणि त्याचा चेहरा उतरला. नमुन्याचा मजकूर त्यानेच राखाडी केला होता, त्याला तो आठवला. "मॅडम, हे तर तुमचं. हे कसं काय गेलं? आता सर मला काय ठेवत नाहीत बघा."

"पान न बघता सोडलंस?"

"न बघता कसं सोडीन?" तो धावत कॉम्प्युटरकडे गेला, पान उघडलं आणि मला बोलावलं. "हे बघा. काळं आहे. मी राखाडी ठेवलं होतं, आईशपथ. काळं पान म्हणजे तयार पान, असं ठरलंय ना आपलं? काळं होतं म्हणून सोडलं."

"मग काळं कोणी केलं?"

इकबालने पान मिटलं. "त्या पानाला दुसरं कोण हात लावतंय, मॅडम?" तो हळूच म्हणाला.

चारुशीला भाचीच्या लग्नाला पुण्याला गेली होती. ती येईपर्यंत गप्प बसायचं असं मी ठरवलं. पण पत्रं गप्प बसेनात. 'परसदार'ला पत्रं यायची ती बहुधा अंक मिळाला नाही म्हणून. या वेळी इस्लामपूरहून आलं, जतहून आलं, विट्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर पाठपोट लिहिलं होतं. चारूताई, तुम्ही आमच्या मनातलं बोललात. चारूताई, एवढं खरं लिहायला धैर्य लागतं. एका बाईने लिहिलं होतं की लेख वाचून तिने तिच्या जावेला फोन केला आणि दोघी रडल्या. पत्रं फोडून, वाचून, सरांपुढे ठेवणं हे माझं काम. जन्मभर ज्या शब्दांची मी वाट बघितली ते सगळे शब्द मी स्वतःच्या हाताने पाकिटातून काढत होते, आणि प्रत्येकावर दुसरीचं नाव होतं. आजवर मी माणसांचा हेवा केला होता. आता मला माझ्याच लेखाचा हेवा वाटायला लागला. तो बघा कसा मिरवतोय, आणि मी त्याची आई, बाहेर चपला सांभाळतेय.

पत्रं सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. अंक त्यांच्यासमोर उघडा होता.

"मगदूमबाई, हे वाचलंत? याला म्हणतात लिहिणं. बाईने स्वतःला सोलून ठेवलंय. तुम्ही सदर मागता ना सारखं? आधी असं लिहायला शिका."

मला राहवलं नाही. "सर, तो लेख माझा आहे."

सरांनी चष्मा काढला. ते रागावले असते तर मला चाललं असतं. त्यांना माझी कीव आली.

"मगदूमबाई," ते म्हणाले, "हेवा माणसाला कुठल्या थराला नेतो, ते याच लेखात लिहिलंय. घरी नेऊन पुन्हा एकदा वाचा."

पुरावा द्यायचा तर इकबालचं नाव घ्यावं लागणार होतं. काळं असो की राखाडी, नमुन्याचा मजकूर छापखान्यात पोचला तो त्याच्या हातून, आणि सर पहिला दणका त्यालाच देणार हे मला माहीत होतं. त्याच्या पोरीचा गोवर नुकता उतरला होता. मी अंक घेतला आणि बाहेर आले.

चारुशीला परत आल्याचं कळलं त्या दुपारी मी विश्रामबागला तिच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. केस सुटलेले, अंगात जुना गाऊन, आणि तो चुरगळलेला. तेवढंच बरं वाटलं.

"मला वाटलंच तू येशील," ती म्हणाली. "बस."

"बसायला नाही आले. का केलंस ते सांग."

ती स्वतः मात्र बसली. "माझा लेख माझ्या पर्समध्ये होता. पान उघडलं. तुझं पुसल्याशिवाय माझं भरता येत नाही ना. म्हटलं, पुसण्याआधी वाचू तरी. वाचलं. मग पुसवेना."

"मग नसतं पुसायचं. राखाडीच ठेवायचं."

"तर इकबालभाईंचा फोन आला असता, लेख द्या म्हणून." ती हाताच्या बोटांकडे बघत होती. "सुनंदा, मला वाटलं, एक महिना तरी ते माझं असू दे. बस एवढंच. मी नीटनेटकं लिहिते गं. सगळे म्हणतात, किती नीटनेटकं. ते वाचलं आणि वाटलं, मला असं एक पान जन्मात जमणार नाही. माझ्याच फोटोखाली लिहिलंस, म्हणजे ती निळ्या छत्रीवाली मीच, ते कळलं मला. जिला असं लिहिता येतं तिने माझा हेवा करावा? आधी हसू आलं. मग जळले. जळत जळतच काळं केलं."

कोणीतरी आपल्यावर जळतंय हे ऐकायला मी जन्मभर आसुसले होते. आणि ऐकलं तेव्हा मनात पहिला विचार काय आला सांगू? की हे कबूल करणंसुद्धा हिला किती छान जमतं.

"तुझा लेख दाखव," मी म्हटलं.

तिने पर्समधून कागद काढून दिला. तिच्या आईच्या बोटांना येणाऱ्या हळदीच्या वासावर लिहिलं होतं. वाचता वाचता माझ्या घशात ते ओळखीचं काहीतरी अडकलं.

"ठीक आहे," मी कागद परत दिला.

"मी उद्याच सरांना सांगते."

"सरांना नको," मी म्हणाले. "सरांनी एकट्याने थोडंच वाचलंय? ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांना सांग. पुढच्या रविवारी वाचक मेळावा आहे. तिथे उभी राहून सांग. इकबालचं नाव येता कामा नये."

एवढ्या लोकांपुढे तिचं तोंड काळं व्हावं, हेच मला हवं होतं, आणि ते तिला समजलं होतं.

"सांगेन," ती म्हणाली.

मेळाव्याला हॉल भरला होता. तासगाव, आष्टा, कुपवाड, कुठून कुठून बायका आल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात अंक. मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि पुढच्या रांगेत कडेला बसले होते, म्हणजे नाव घेतलं की लगेच उठता यावं. सर बोलले, लांबले, साच्यांबद्दल बोलले. मग त्यांनी चारुशीलाला बोलावलं तेव्हा जी टाळी पडली ती मी मनातल्या मनात माझ्या खात्यावर जमा करून टाकली. आता फक्त नाव बदलायचं राहिलं होतं.

चारुशीलाने कागद आणला नव्हता. ती माइकशी उभी राहिली आणि म्हणाली, "ज्या लेखासाठी तुम्ही मला पत्रं लिहिलीत, तो माझा नाही."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी हातातले अंक उघडले.

"तो सुनंदा मगदूम यांचा आहे. त्यांनी तो छापायला लिहिला नव्हता. माझ्या पानावर तो नमुना म्हणून होता, आणि मी तो पुसायचा होता. मी पुसला नाही. माझ्या नावाखाली जाऊ दिला. चुकून नाही, जाणूनबुजून. कारण मला त्यांचा हेवा वाटला. हेव्यावरचा लेख मी हेव्यापोटी चोरला." तिचा आवाज किंचित कापला, अगदी जिथे कापायला हवा तिथेच. "तुम्ही मला जी पत्रं पाठवलीत ती मी त्यांना देते. माझ्याकडे तुमची माफी मागण्याखेरीज काही नाही."

मी वाट बघत होते. आता कुजबुज होईल, आता कोणीतरी 'शी' म्हणेल, मग लोक माझ्याकडे वळतील. मी पदर सारखा केला.

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्या थांबेनात. विट्याचे ते मुख्याध्यापक डोळे पुसत होते. सर स्टेजवर धावले, तिच्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाले, "अशी माणसं आपल्या मासिकात आहेत हे आपलं भाग्य." मग कोणीतरी त्यांच्या कानात सांगितल्यावर म्हणाले, "आणि अर्थात मगदूमबाईंचंही कौतुक. मगदूमबाई, उभ्या राहा."

मी उभी राहिले. सगळे आधीच उभे होते, त्यामुळे मी उभी राहिल्याचं कोणाला कळलं नाही.

चहाच्या वेळी चारुशीलाभोवती बायकांचा गराडा पडला. तो फोडून ती माझ्याकडे आली, पदराने मान पुसत. "झालं समाधान?" तिने विचारलं.

मी उत्तर देणार, एवढ्यात तासगावची एक म्हातारी बाई अंक छातीशी धरून आमच्यापाशी पोचली. अंक शेवटच्या पानावर उघडलेला होता. मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं. बाईने अंक चारुशीलापुढे धरला.

"ताई, सही द्या की."

"अहो, लेख यांचा आहे," चारुशीला म्हणाली. "ह्याच त्या मगदूमबाई. यांची घ्या."

बाईने माझ्याकडे बघून हात जोडले, अगदी आदराने. मग पुन्हा चारुशीलाकडे वळली. "ते ऐकलं की ओ. म्हणूनच तर तुमची पायजे. लिहायला काय, शिकलेली माणसं लिहित्यातच. पण असं भर सभेत उभं राहून सांगायला काळीज लागतंय."

चारुशीलाने पर्स चाचपली. तिच्याकडे पेन नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी माझं उघडलेलं पेन तिच्या हातात दिलं.

तिने फोटोखाली, माझ्या पहिल्या ओळीच्या अगदी वर, सही केली. सहीसुद्धा सुरेख होती मेलीची.